बाळाचा रविवार

महाविद्यालयात 'सहल' हा शब्द उच्चारला की दोन बसगाड्या, खिडकीजवळच्या जागेसाठी चाललेली ओढाताण, हंपी किंवा अजिंठा आणि परतीच्या वाटेवर गाणी म्हणून बसलेले घसे, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. अशा सहलींचे वृत्तांत नियतकालिकांतून दरवर्षी छापून येतात आणि ते आवडीने वाचलेही जातात. परंतु आणखी एक सहल अशी आहे की जिचा वृत्तांत कोणी लिहीत नाही. दोन-तीन वर्षांचे मूल, त्याचे आईबाप, एक कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि चार दशम्या. अंतर शहरबसच्या पाच-सात थांब्यांचे आणि वेळ फार तर संध्याकाळच्या तीन तासांचा. ही सहल आपण किरकोळ समजतो. घडली तर बरे, न घडली तर काही अडत नाही, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते.

माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. आठवड्यातून एकदा आईबापांचे बोट धरून घराबाहेर पडता येणे ही लहान मुलाची चैन नसून त्याच्या वाढीची गरज आहे. ती भागते की नाही हे आईबापांच्या हौसेवर थोडे आणि कारखान्याच्या घड्याळावर व नगराच्या रचनेवर पुष्कळ अवलंबून असते. म्हणूनच हा विषय केवळ घरगुती राहत नाही. तो सार्वजनिक होतो. हे म्हणणे हवेत राहू नये यासाठी एक शहर समोर ठेवून बोलणे बरे. ते शहर म्हणजे सुरत.

मराठी माणसाची सुरतेशी पहिली ओळख इतिहासाच्या पुस्तकात होते. १६६४ आणि १६७० ही दोन साले आपण शाळेत पाठ केलेली असतात, आणि पुष्कळांची ओळख तेथेच थांबते. वस्तुतः आजची सुरत ही मराठी माणसांची एक मोठी वसाहत आहे. तापी नदी खानदेशातून वाहत जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्याच खोऱ्यातून घातलेला लोहमार्ग जळगाव, अमळनेर, नंदुरबार या गावांना सुरतेशी जोडतो. शेती पिकेनाशी झाली, घरात खाणारी तोंडे वाढली, की खानदेशातला तरुण याच गाडीत बसतो. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांतून फिरताना अहिराणी आणि मराठी सहज कानी पडते. महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, उडिया आणि तेलुगू माध्यमांतूनही चालतात. यावरून तेथे कोठकोठची माणसे पोटासाठी एकत्र आली आहेत याची कल्पना येते. एका भाषेत घर आणि दुसऱ्या भाषेत बाजार ही स्थिती आपल्या सीमाभागातल्या वाचकाला मुळीच अपरिचित नाही.

या वस्त्यांतल्या घराचा रोजचा दिवस कसा असतो? पुरुष यंत्रमागावर, रंगाई-छपाईच्या मिलमध्ये किंवा भरतकामाच्या यंत्रावर काम करतो. यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या ही सुरतेतली जुनी रूढी आहे. मजुरी बहुधा विणलेल्या कापडाच्या मीटरवर मिळते. म्हणजे माग थांबला की मिळकतही थांबली. स्त्री घरी असते, परंतु ती रिकामी नसते. साड्यांना लेस लावणे, खडे आणि टिकल्या चिकटवणे, सुटे धागे कापणे ही कामे नगावर मोजून घरोघर दिली जातात. खोली एक किंवा दोन. तीत साड्यांचे गठ्ठे, शेगडी, पाण्याचे पिंप आणि एका कोपऱ्यात रातपाळी करून आलेला माणूस झोपलेला. अशा घरातल्या तीन वर्षांच्या मुलाला दिवसभरात सर्वांत अधिक वेळा ऐकावे लागणारे वाक्य कोणते असेल? "हळू बोल, बाबा झोपलेत."

या वाक्यात कोणाचा दोष नाही. बारा तास मागाच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाला झोप हवीच. परंतु मुलाच्या बाजूने पाहा. बाप म्हणजे झोपलेली किंवा दाराबाहेर निघालेली एक आकृती, अशी त्याची समजूत होऊ लागते. दिवसपाळी असली तर मूल उठण्यापूर्वी बाप जातो आणि परततो तेव्हा मूल पेंगुळलेले असते. रातपाळी असली तर तो घरात असून नसल्यासारखा. सात दिवसांपैकी एकच दिवस असा येऊ शकतो की ज्या दिवशी बाप जागा असतो, मोकळा असतो आणि मुलाबरोबर असतो. या एका दिवसाला आपण 'सुटी' असा नकारार्थी शब्द वापरतो, म्हणजे काम नसलेला दिवस. मुलाच्या लेखी मात्र आठवड्यातला खरा दिवस तोच होय.

आता कोणी विचारील की, बाप घरी असला म्हणजे पुरे; बाहेर कशाला जायला हवे? याचे उत्तर मोठ्या बालशिक्षणतज्ज्ञांनी फार पूर्वीच देऊन ठेवले आहे, आणि त्यात गुजराती व मराठी अशा दोन्ही माणसांचा वाटा आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सामील झाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले, आणि १९५७ पासून ते कोसबाडला चालले. अनुताई वाघ या कामात त्यांच्या सहकारी होत्या. ही दोन्ही गावे मुंबईहून सुरतेला जाणाऱ्या वाटेवरच आहेत. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा ताराबाईंचा विचार. त्यातून अंगणवाडी निघाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. पाने, बिया, शंख, खडे हीच त्यांची साधने. लहान मूल डोळे, कान, हात आणि पाय यांनी शिकते आणि त्यासाठी त्याला वस्तूंच्या सहवासात मोकळे सोडावे लागते, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले.

एका खोलीत वाढणाऱ्या मुलाला वस्तू किती दिसणार? भाषेचेच घ्या. 'नदी' हा शब्द त्याला ऐकून ठाऊक असतो; पण तापीच्या काठी उभे राहून बापाने बोट दाखवले आणि "ही नदी, आपल्या गावाकडून आली" असे सांगितले, की तो शब्द त्याचा स्वतःचा होतो. हिवाळ्यात सुरतेत ज्वारीची कोवळी कणसे भाजून त्यांचे दाणे विकतात. शेव आणि लिंबू यांच्यासह लोक ते चवीने खातात. तेथे त्याला 'पोंक' म्हणतात. खानदेशी आई मुलाच्या तळहातावर ते दाणे ठेवून "हा हुरडा" असे म्हणते, तेव्हा एकाच दाण्याला दोन नावे असतात हे मुलाला कळते. आपल्या भागातल्या कन्नड घरात त्यालाच 'सीतनी' म्हणतात. दोन भाषांच्या सीमेवर वाढणाऱ्या मुलाला असे शिक्षण बाजारातून फिरताना आपोआप मिळते. मात्र शब्द सांगणारे माणूस बरोबर असावे लागते. घरची भाषा मुलाला शाळा थोडीफार देईल. पण तिला चव, वास आणि स्पर्श देण्याचे काम आईबापांनाच करावे लागते, आणि ते चार भिंतींच्या आत पुरे होत नाही.

अशा सहलीसाठी तीन गोष्टी लागतात: आईबापांचा मोकळा वेळ, जाण्याजोगे ठिकाण, आणि तेथवर पोहोचण्याचे साधन. पैसा यांच्यानंतर येतो. या तिन्हींचा क्रमाने विचार करू.

प्रथम वेळ. आठवड्याची सुटी ही आज आपल्याला सूर्योदयासारखी नैसर्गिक वाटते. पण ती कोणीतरी मिळवलेली आहे. मुंबईच्या गिरण्यांतून त्या काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि ठरलेली साप्ताहिक सुटी नसे. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे चालक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि रविवारच्या सुटीची मागणी पुढे मांडली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागे होते. १८९० सालच्या कामगारांच्या प्रचंड सभेत स्त्री-कामगारही बोलल्या, आणि त्याच वर्षी १० जूनला मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. रविवारी मुलाला खांद्यावर घेऊन चौपाटीवर जाणाऱ्या प्रत्येक मराठी बापावर लोखंड्यांचे हे ऋण आहे, मग त्याने त्यांचे नाव ऐकलेले असो वा नसो.

१९२१ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने साप्ताहिक विश्रांतीचा करार केला आणि १९२३ साली भारताने त्यास मान्यता दिली. या करारात एक बारीक पण फार शहाणपणाची तरतूद आहे. सात दिवसांतून सलग चोवीस तास विश्रांती द्यावीच. पण ती शक्य तेथे सर्वांना एकाच वेळी आणि देशाच्या रूढीने ठरलेल्या वारी द्यावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे नुसता दिवस पुरत नाही, तो सामाईक असावा लागतो. बापाची सुटी सोमवारी, मोठ्या बहिणीच्या शाळेची रविवारी आणि घरकामाच्या नगांवर राबणाऱ्या आईची कधीच नाही, अशी स्थिती असेल, तर घरात कागदोपत्री दोन सुट्या असूनही सहलीला एकही दिवस मिळत नाही. त्यातही गंमत अशी की संग्रहालये आणि प्राणिसंग्रहालये बहुधा सोमवारीच बंद असतात.

१९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगारासाठी आठवड्याचे ४८ तास, दिवसाचे ९ तास आणि आठवड्यास एक सुटी अशी मर्यादा घातली होती. २०२५ साली गुजरात विधानसभेने दुरुस्ती संमत करून दिवसाला १२ तासांपर्यंत काम घेण्याची मुभा दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच ठेवली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्राच्या नव्या कामगार संहिता अमलात येऊन जुना कायदा त्यांत सामावला गेला. साप्ताहिक ४८ तासांचे तत्त्व आणि साप्ताहिक सुटी ही त्यांतही आहे. बारा चोक अठ्ठेचाळीस या हिशेबाने कोणी म्हणेल की, हे तर फारच चांगले! चार दिवस काम आणि तीन दिवस घर. मुलाला तीन रविवार मिळाले.

हा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण ज्याची मजुरी मीटरवर ठरते आणि ज्याला गावी आईवडिलांना पैसे पाठवायचे असतात, तो चार दिवसांवर थांबेल का, आणि त्याला थांबू दिले जाईल का, हा खरा प्रश्न आहे. बारा तासांची पाळी नियमात बसवली गेली आणि दिवस मात्र सहाचे सहाच राहिले, तर मुलाच्या वाट्याला काय उरले? शिवाय तीन दिवस सलग बाप मिळाला म्हणून चार दिवसांच्या गैरहजेरीची भरपाई होते, असे लहान मुलाच्या बाबतीत घडत नाही. त्याला रोज थोडा आणि आठवड्यातून एकदा पुष्कळ, असा बाप हवा असतो. कायदे करणाऱ्यांनी उत्पादनाचे आकडे जरूर पाहावेत. पण घरी वाट पाहणाऱ्या मुलाचाही एक आकडा त्या हिशेबात धरावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरी गोष्ट ठिकाणाची. या बाबतीत सुरत दरिद्री नाही. 'सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण' ही म्हण प्रसिद्ध आहे, आणि रविवारी संध्याकाळी सुरती कुटुंबे खाण्यासाठी आणि हिंडण्यासाठी घराबाहेर पडतात ती पाहिली की हे शहर सुटी कशी साजरी करावी हे जाणते, असे वाटते. नैर्ऋत्येला डुमसचा समुद्र आहे. तेथली वाळू काळसर, ओहोटीला पाणी दूर जाते आणि चिखल उघडा पडतो. पोहण्यास तो किनारा लहान मुलांच्या उपयोगाचा नाही. परंतु वाळूत बसणे, उंटाकडे पाहत राहणे आणि तेथली नामांकित टोमॅटोची भजी खाणे एवढ्यावर मूल पूर्ण तृप्त असते. ईशान्येला सरथाण्याचे महापालिकेचे प्राणिसंग्रहालय १९८४ पासून आहे. तेथल्या पाणमांजरांच्या पैदाशीसाठी ते विशेष नावाजलेले आहे. शहरात सोळाव्या शतकातला किल्ला आहे, मलिक गोपीच्या नावाचा तलाव आहे, अठवालाइन्सला तापीकाठची चौपाटी आहे.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की, ही ठिकाणे एका टोकाला आणि कामगारांच्या वस्त्या दुसऱ्या टोकाला. पांडेसऱ्याहून डुमसला आणि डुमसहून परत म्हणजे तीन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने प्रवासातच दिवस संपला. म्हणून तिसऱ्या गोष्टीचा, साधनाचा, प्रश्न लगेच येतो. २०१४ साली सुरतेत स्वतंत्र मार्गिकेवरून धावणाऱ्या जलद बसगाड्या सुरू झाल्या, आणि उधना ते सचिन हा औद्योगिक भाग त्यांत आरंभापासून आला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु कामावर जाण्याची गर्दी नाही म्हणून रविवारी गाड्या कमी सोडणे ही बहुतेक शहरांतल्या वाहतुकीची विचारसरणी असते. कामगाराला कामावर नेणे हेच वाहतुकीचे प्रयोजन. त्याच्या मुलाला समुद्रावर नेणे हे जणू प्रयोजनच नाही! कोणत्याही नगरपालिकेने रविवारच्या सायंकाळचे वेळापत्रक मुद्दाम वेगळे आखावे आणि वस्त्यांतून उद्यानांकडे व समुद्राकडे गाड्या वाढवाव्यात. त्याला खर्च फार नाही. गाड्या आणि रस्ते असतातच.

त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे पायी जाण्याच्या अंतरावर लहानशी बाग असणे. तीत कारंजे नसले तरी चालेल, पुतळा नसला तरीही चालेल. सावली देणारी चार झाडे, पिण्याचे पाणी, बसायला कठडा आणि स्वच्छ शौचालय एवढे पुरे. शेवटची गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण लिहिली पाहिजे. लहान मूल घेऊन निघालेल्या बाईला सर्वांत मोठी धास्ती तिचीच असते, आणि कित्येक सहली केवळ त्या एका कारणाने अर्ध्या तासात आटोपतात.

हे अशक्य आहे असे निदान सुरतेच्या बाबतीत म्हणता येणार नाही. १९९४ साली प्लेगच्या साथीने हे शहर हादरले. लाखो माणसे गाव सोडून गेली. पुढच्या वर्षी आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत सफाईची नवी व्यवस्था बसवली गेली, आणि बदनाम झालेले ते शहर काही वर्षांत स्वच्छतेसाठी ओळखले जाऊ लागले. २०२३ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने सुरतेला पहिला क्रमांक मिळाला. २००६ च्या महापुरातूनही ती सावरली. जे शहर मनात आणले तर गटारे आणि कचरा यांचा बंदोबस्त करू शकते, त्याला दर वस्तीमागे सावलीची एक जागा देणे जड नाही. प्रश्न आहे तो ही गोष्ट आवश्यक मानण्याचा. आजार पसरला की मृत्यूचे आकडे येतात; मुलाचा रविवार हुकला तर कोणताही आकडा कोठेही नोंदला जात नाही. म्हणूनच तो बोलून दाखवावा लागतो.

येथवर कारखाना आणि पालिका यांच्याकडे बोट दाखवले; आता आपल्यासारख्या सुशिक्षित, ठरावीक पगार व रविवार असलेल्या वर्गाकडे वळले पाहिजे. आपल्याजवळ वेळ आहे, बहुधा वाहनही आहे. तरी आपल्या मुलाची सहल नीट घडते असे मात्र नाही. आपण मुलाला घेऊन बाजाराच्या वातानुकूलित इमारतीत जातो, खरेदी आपली करतो आणि मूल गाडीत बसून कंटाळते. किंवा ठिकाणी पोहोचताच छायाचित्रे काढू लागतो. मुलाने समुद्राकडे पाहावे अशा वेळी त्याला 'इकडे बघ' असे सांगतो. किंवा दिवसात पाच ठिकाणे उरकतो. तीन वर्षांच्या मुलाला पाच ठिकाणे नको असतात. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर ते तेथेच बसेल, आणि तुमचे प्राणिसंग्रहालय राहिले तरी त्याचे काही बिघडणार नाही. मुलाच्या चालीने चालणे हीच या सहलीची मुख्य अट आहे, आणि घाईत वाढलेल्या मोठ्या माणसांना तीच सर्वांत कठीण जाते.

शिवाय घरातल्या स्त्रीचा रविवार कोणता, हेही विचारले पाहिजे. सहल म्हटली की पहाटे उठून दशम्या आणि चटणी करणार ती, पिशवीत मुलाचे दोन जादा कपडे आठवणीने ठेवणार ती, वाटेत मूल कडेवर घेणार ती आणि परतल्यावर चिखलाचे कपडे धुणारही तीच. बाकीचे सर्वजण हिंडून येतात आणि ती कामाची जागा तेवढी बदलून येते. पुरुषाने पिशवी भरावी, मूल सांभाळावे आणि त्या दिवशी तिला नदीकाठी स्वस्थ बसू द्यावे. सुरतेतली एक रीत मला या दृष्टीने उचलण्याजोगी वाटते: पुष्कळ घरांतून रविवारी संध्याकाळी चूल पेटत नाही. त्यात जिभेचे चोचले असतील. पण त्यातच बाईची अर्ध्या दिवसाची सुटीही आहे.

आपल्या भागाकडे पाहिले तरी चित्र फार निराळे नाही. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या स्त्रिया घरी बसून नगावर काम करतात. त्यांच्याही सुपात रविवार नसतो. आपल्या वर्गातले कित्येक विद्यार्थी अशाच घरांतून आलेले आहेत. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांची संहिता संमत केली आणि १९९२ साली भारताने ती स्वीकारली. तिच्या ३१ व्या कलमात विश्रांती, फुरसत आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हणून नमूद केलेला आहे. हक्क दिल्लीत आणि जिनिव्हात लिहिले जातात. पण मुलाला ते गल्लीतच मिळावे लागतात.

म्हणून एक साधी सूचना करून हे लिखाण संपवतो. आपल्या गावोगावच्या महाविद्यालयांना विस्तीर्ण मैदाने आहेत, वडा-लिंबाची जुनी झाडे आहेत, नळ आणि शौचालये आहेत. आणि नेमक्या रविवारी, म्हणजे ज्या दिवशी त्यांचा खरा उपयोग व्हावा त्या दिवशी, त्यांच्या फाटकांना कुलूप असते. रविवारी दुपारी चार ते सात या वेळात ही मैदाने भोवतालच्या वस्त्यांतल्या लहान मुलांना आणि त्यांच्या आईबापांना खुली करावीत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या चार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने देखरेख ठेवली तर शिपायावर भार पडणार नाही. कार्यक्रम नको, भाषणे नकोत, उद्घाटनही नको. मराठी बोलणारी आणि कन्नड बोलणारी मुले तेथे एका झाडाखाली खेळतील आणि एकमेकांचे शब्द उचलतील. प्राचार्यांनी या प्रस्तावावर विचार करावा, प्राध्यापकांनी तो उचलून धरावा, आणि विद्यार्थ्यांनी येत्या सत्रापासूनच फाटकावर उभे राहण्याची तयारी दाखवावी. यासाठी नवा कायदाही लागत नाही आणि वेगळा निधीही लागत नाही. लागते ती फक्त किल्ली, आणि ती आपल्याच कार्यालयात आहे.